मधमाश्यांची बेगमी

वैशाख संपत आला, की आपल्या खेड्यापाड्यांतून पावसाळ्याच्या बेगमीची घाई सुरू होते. अंगणात पापड-कुरडया वाळत पडतात, लोणच्याच्या बरण्या भरल्या जातात, सरपण रचून छपराखाली ठेवले जाते, धान्यात कडुनिंबाचा पाला घालून कणग्या लिंपल्या जातात. पुढचे चार महिने बाहेर फारसे काही मिळणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे ही तयारी उन्हातच उरकावी लागते. पहिला पाऊस पडल्यावर कुणी पापड लाटायला बसत नाही.

मधमाश्याही अशीच बेगमी करतात. त्यांचा उपासमारीचा काळ मात्र देशपरत्वे बदलतो. सह्याद्रीच्या डोंगरांत तो पावसाळ्यात येतो, इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळ्यात. म्हणून तिथल्या मधपाळाचा वैशाख ऑगस्ट महिन्यात येतो असे म्हणायला हरकत नाही. नव्याने मधमाश्या पाळू लागलेल्या माणसाची परीक्षा त्या महिन्यातच होते. ती कशी, हे आपण नॉटिंगहॅम शहराच्या आसपास चालणाऱ्या कामावरून पाहू.

नॉटिंगहॅम हे शहर इंग्लंडच्या साधारण मध्यभागी ट्रेंट नदीच्या काठी वसले आहे. क्रिकेटमुळे ट्रेंट ब्रिज मैदानाचे नाव तुमच्या कानावरून गेले असेल. ते या शहराला लागूनच, नदीच्या पलीकडे आहे. रॉबिन हूडच्या गोष्टींतले शेरवुडचे जंगलही इथून जवळच आहे. शहरातील सेंट ॲन्स भागात सुमारे ७५ एकर जागेवर एकमेकींना लागून शेकडो लहान लहान बागा आहेत. एकोणिसाव्या शतकापासून नगरवासी तिथे भाजीपाला, फळे आणि फुले पिकवत आले आहेत. अशा बागा, रस्त्याकडेची झाडे आणि भोवतालची शेते यांमुळे मधमाश्यांना वसंतापासून खाद्य मिळत राहते. एप्रिल-मे महिन्यांत शेतांमध्ये मोहरीच्या कुळातले एक तेलबियांचे पीक पिवळेधमक फुलते. त्याच सुमारास सफरचंदे मोहरतात. जून-जुलैमध्ये पांढरे क्लोव्हर, काटेरी ब्लॅकबेरी आणि लाइमचे उंच वृक्ष यांची पाळी येते. (या लाइमचा आपल्या लिंबाशी काही संबंध नाही, नावापुरतेच साम्य.) जुलै संपता संपता ही फुले सरतात आणि मधपेटीत येणारा मकरंदाचा ओघ आटतो.

ट्रेंटच्या काठी मात्र ऑगस्टमध्ये एक गुलाबी फूल उमलते. ते आपल्या हिमालयातले आहे. आपल्याकडे गौरीच्या सणाला जो तेरडा आणतात, त्याचाच हा भाऊबंद. बागेची शोभा म्हणून १८३९ साली तो इंग्लंडात नेण्यात आला आणि पुढे बागेतून निसटून नदीकाठांवर पसरला. त्याच्या फुलात शिरून बाहेर पडणाऱ्या माशीच्या पाठीवर पांढऱ्या परागांचा पट्टा उमटतो. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी ती दिसते. मधपाळाला हा तेरडा आवडतो. तो स्थानिक वनस्पतींना दडपून टाकतो, म्हणून निसर्गाची राखण करणारे लोक त्याला उपटून काढतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

आता पेटीच्या आत डोकावू. मधपेटी म्हणजे एकावर एक ठेवलेले लाकडी कप्पे. खालच्या मोठ्या कप्प्यात राणीमाशी अंडी घालते आणि पिल्ले वाढतात. वरच्या कप्प्यांत मध साठतो. राणीने वर जाऊन मधाच्या पोळ्यात अंडी घालू नयेत, म्हणून मध्ये एक जाळी बसवलेली असते. तिच्या फटींतून कामकरी माश्या सहज जातात. अंगाने मोठी असलेली राणी जाऊ शकत नाही. भर उन्हाळ्यात अशा एका पेटीत ४० ते ५० हजार माश्या असतात. ऑगस्टच्या आरंभी मधपाळ वरचे कप्पे उतरवतो आणि मध काढून घेतो. नवशिक्याला वाटते, की आता वर्षाचे काम आटोपले. मधाच्या बाटल्या फळीवर ओळीने लागलेल्या असतात, शेजारीपाजारी कौतुक करतात आणि पेटीकडे पाठ फिरते.

नेमक्या याच वेळी पेटीत एक मोठा बदल घडत असतो. उन्हाळ्यात जन्मलेली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. पिल्लांना भरवणे, पोळे बांधणे, पहारा देणे आणि मग फुलांच्या शोधात मैलोन्‌मैल उडणे, यात तिचे शरीर झिजून जाते. मात्र ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे जन्मणाऱ्या माश्या वेगळ्या असतात. दिसायला त्या तशाच, पण त्यांच्या पोटात चरबीचा आणि प्रथिनांचा भरपूर साठा असतो. त्यांच्या वाट्याला पिल्ले वाढवण्याचे काम थोडे येते. त्यामुळे त्या पाच-सहा महिने जगू शकतात. हिवाळ्यात याच माश्या राणीभोवती दाट घोळका करून राहतात. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून त्या ऊब निर्माण करतात. बाहेर पारा शून्याच्या खाली गेला तरी घोळक्याच्या आत उबदार असते. या थरथरण्यासाठी लागणारे इंधन म्हणजे साठवलेला मध.

अंड्यापासून पूर्ण वाढलेली कामकरी माशी तयार व्हायला २१ दिवस लागतात. म्हणजे जानेवारीच्या थंडीत पेटी जगवणारी माशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंड्यातून निघालेली असते, आणि तिला भरवणारी दाई त्या आधी काही दिवस जन्मलेली असते. दाई अशक्त, तर बाळ अशक्त. डिसेंबरात जाग आलेल्या मधपाळाला या माश्या नव्याने घडवता येत नाहीत.

या दायांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे व्हरोआ नावाचा तांबूस-तपकिरी गोचीड. तो टाचणीच्या डोक्याएवढा असतो. आशियातील आपल्या सातेरी जातीच्या मधमाश्यांवर तो फार पूर्वीपासून राहत आला आहे. सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला काढून टाकतात, आणि त्यांच्या पोळ्यात तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो. म्हणून वसाहत तग धरते. विसाव्या शतकात हा गोचीड युरोपीय मधमाश्यांवर पोहोचला. त्यांना अशी सवय नव्हती. इंग्लंडात तो १९९२ साली प्रथम आढळला. घर मेणाने बंद होण्याच्या किंचित आधी मादी गोचीड आत शिरते आणि कोषातल्या पिल्लावर आपली पिलावळ वाढवते. अशा घरातून निघालेली माशी कमी वजनाची, कधी चुरगळलेल्या पंखांची असते. उन्हाळ्यात पिल्ले पुष्कळ असल्याने हे नुकसान नजरेत भरत नाही. ऑगस्टमध्ये राणी अंडी कमी घालू लागते. पिल्ले घटतात, गोचीड मात्र वाढलेले असतात. एकेका पिल्लावरचा भार मग एकदम वाढतो.

यावरच्या उपायांपैकी एक तुमच्या घरच्या फडताळात आहे. ओव्याला जो उग्र वास येतो तो थायमॉल या द्रव्याचा. आपण त्याला ओव्याचे फूल म्हणतो. थायमॉलचे औषध चौकटींच्या वर ठेवले, की त्याची वाफ पेटीभर पसरते आणि गोचीड गळून पडतात. पण मध काढण्याआधी ते ठेवले तर मधाला ओव्याचा वास लागतो. आणि हवा फार गार झाली, साधारण १५ अंशांच्या खाली गेली, तर वाफ नीट होतच नाही. औषधाला काही आठवडे लागतात. मध काढून झाल्यावर आणि थंडी पडण्यापूर्वी, अशा चिंचोळ्या मुदतीत हे काम बसवावे लागते. ती मुदत म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबरचे पहिले दिवस.

दुसरा प्रश्न अन्नाचा. नॉटिंगहॅमकडच्या हवेत एका पेटीला हिवाळ्यासाठी सुमारे २० किलो मध लागतो. चौकटी पाहून किंवा पेटीची एक बाजू हाताने किंचित उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेतात. तूट असेल तर साखरेचा पाक द्यायचा. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, असा दाट पाक करतात. साखर पांढरीच हवी. गूळ आपल्याला पौष्टिक, पण हिवाळाभर कोंडून राहिलेल्या माश्यांना त्याने हगवण लागते. माश्या पाकातले पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवतात, तो आटवून घरात भरतात आणि वर मेणाचे झाकण लावतात. गारठ्यात हे आटवणे जमत नाही, न आटलेला पाक आंबतो. म्हणून पाक देणे सप्टेंबरअखेर संपवतात.

पाक द्यायचा तो संध्याकाळी, आणि एक थेंबही बाहेर न सांडता. याचे कारण गांधीलमाश्या. उन्हाळ्यात गांधीलमाश्या आपल्या अळ्यांना किडे भरवतात आणि अळ्या त्यांना गोड रस देतात. ऑगस्टनंतर पोळ्यातल्या अळ्या संपत येतात, तो गोड रस मिळेनासा होतो आणि भुकेल्या गांधीलमाश्या मधपेट्यांवर धाड घालतात. सांडलेल्या पाकाच्या वासाने शेजारच्या पेटीतल्या मधमाश्याही लूट करायला येतात. एकदा लूट सुरू झाली, की दुर्बळ वसाहत दोन-तीन दिवसांत रिकामी होते. उपाय साधा आहे : पेटीचे दार लाकडी पट्टीने अरुंद करायचे. दोन माश्या शेजारून जातील एवढीच फट ठेवली, तर थोड्या पहारेकरणीही दार राखू शकतात. वाड्याचा दिंडीदरवाजा तुम्ही पाहिला असेल. त्यातलाच हा प्रकार.

काही पेट्यांत माश्याच मुळी थोड्या उरलेल्या असतात. अशी पेटी एकटी हिवाळा काढत नाही, तिला दुसरीत मिसळावे लागते. प्रत्येक वसाहतीचा वास निराळा असतो, म्हणून एकदम मिसळल्या तर माश्या लढून मरतात. मधपाळ येथे वर्तमानपत्राचा कागद वापरतात. एका वसाहतीची राणी काढून घ्यायची, खालच्या पेटीवर कागदाचा एक पदर पसरायचा आणि वर दुसरी पेटी ठेवायची. एक-दोन दिवसांत दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडतात. तोवर वास एकमेकांत मिसळलेले असतात आणि भांडण होत नाही. मात्र रोगट वसाहत चांगल्या वसाहतीत कधीही मिसळू नये; ती दुर्बळ का झाली हे आधी पाहावे.

मध्ये बसवलेली ती जाळी आठवते ना? हिवाळ्यापूर्वी वर मधाचा कप्पा ठेवायचा असेल तर ती काढायलाच हवी. माश्यांचा घोळका मध खात खात वर सरकतो. जाळी तशीच राहिली तर राणी खाली एकटी अडकते आणि गारठून मरते. वसंतात राणीच नसल्यामुळे सारी वसाहत संपते. एवढ्याशा जाळीचा हा परिणाम!

उपासमारीने मेलेली पेटी ओळखणे अवघड नसते. मार्चमध्ये झाकण काढले, की मूठभर माश्या रिकाम्या घरांत डोके खुपसून तशाच मेलेल्या दिसतात. शेवटचा थेंब चाटण्यासाठी त्या आत शिरलेल्या असतात.

आपल्याकडे हे चित्र थोडे पालटते. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथली सातेरी माशी पावसात कित्येक दिवस बाहेर पडू शकत नाही. अन्न संपले, की ती युरोपीय माशीसारखी पेटीत उपाशी मरत बसत नाही; बहुधा सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे जांभूळ आणि इतर झाडांचा उन्हाळी मध काढताना काही भरलेल्या चौकटी माश्यांसाठी मागे ठेवणे, पावसात पेटीच्या आत साखरेचा पाक देणे, रिकामी पोळी काढून घेणे, ही कामे इथला मधपाळ करतो. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा पडतो; माश्यांना घर सोडायला तेही एक निमित्त होते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. तिथल्या घरांच्या आजूबाजूला अशा पेट्या पाहायला मिळतात. शिकायचे असेल त्यांच्यासाठी पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तोवर तुम्ही पेटी उघडायची ती जाणत्या मधपाळाच्या सोबतीने, तोंडावर जाळी घेऊनच. फुले सरल्यानंतरच्या दिवसांत माश्या जरा चिडखोर असतात.

महाबळेश्वरच्या डोंगरउतारांवर कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तीही पाऊस ओसरू लागताना. त्या वर्षी पावसाळ्यानंतर लगेच भरपूर मकरंद उपलब्ध होतो. जी वसाहत पावसात अर्धी झाली, तिच्याकडे तो गोळा करायला माश्याच नसतात. जिच्यात माश्या टिकून राहिल्या, त्या पेटीत कारवीचा दाट मध साठू लागतो.