तारकावेध आणि शिवेचे दगड
(नगर जिल्ह्यांतील जुने मोजणीचे कागद कसे वाचावे)

अहमदनगर प्रांत, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, १८१८ मध्यें इंग्रजी अंमलाखालीं आला. तत्पूर्वींचा शिवेचा मुख्य कागद म्हणजे महजर. दोन गांवांत शिवेचा कज्जा पडला कीं गोत जमे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी व बलुते यांच्या साक्षी होत. आणि प्रसंगीं दिव्य पतकरून कोणी शीव चालून दाखवी. इंग्रजी अमदानींत या महजराची जागा मोजणीच्या नकाशानें घेतली. हे नकाशे तारे पाहून केले, सबब ते जुन्या महजरांहून अधिक प्रमाण, असें विधान पुष्कळदां केलें जातें. त्यांत तथ्य किती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, त्या काळीं मोजणीचीं दोन कामें स्वतंत्रपणें चालत. पहिलें त्रिकोणमितीय पाहणीचें. विल्यम लँब्टन यानें १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ केला. १८१५ मध्यें बीदरजवळ दुसरी एक पायारेषा मोजली गेली. पुढें १८२३ मध्यें लँब्टन हिंगणघाट येथें वारला. परंतु बीदरपासून पश्चिमेस मुंबईपर्यंत त्रिकोणांची माळ नेण्याचें काम रॉबर्ट शॉर्ट्रीड प्रभृतींनीं चालविलें. एक बाजू जमिनीवर मोजावयाची व पुढील सर्व बाजू डोंगरमाथ्यांवरून घेतलेल्या कोनांवरून गणितानें काढावयाच्या, असें हें तंत्र होय.

परंतु त्रिकोणांवरून केवळ आकृति मिळते. ती आकृति पृथ्वीवर कोठें व कोणत्या दिशेस ठेवावयाची, हें आकाशच सांगतें. दिशा ठरविण्याची रीत अशी. ध्रुवतारा खगोलीय ध्रुवावर तंतोतंत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तो त्यापासून एक अंशाहून अधिक दूर होता, आणि ध्रुवाभोंवतीं रोज एक लहान वर्तुळ काढी. त्या वर्तुळाच्या अगदीं पूर्वेकडील किंवा पश्चिमेकडील टोंकास तो पोंचला म्हणजे कांहीं मिनिटें सरळ वर अथवा खालीं सरकतो, बाजूस हलत नाहीं. या वेळीं वेध घेतल्यास घड्याळांतील थोडी चूक दिशेंत उतरत नाहीं. थिऑडोलाइटची दुर्बीण ताऱ्यावर लावावयाची, मग दूरच्या खुणेवरील दिव्याकडे फिरवावयाची, आणि मधला कोन वाचावयाचा. ताऱ्याचें ध्रुवापासूनचें अंतर व स्थळाचा अक्षांश ठाऊक असला म्हणजे खरी उत्तर गणितानें निघते. होकायंत्राची सुई मात्र ही उत्तर दाखवीत नाहीं; तिचा कल स्थळाप्रमाणें व काळाप्रमाणें बदलतो. अक्षांशही ताऱ्यांच्याच उंचीवरून काढीत. नगर शहरीं ध्रुव क्षितिजापासून सुमारें १९ अंशांवर असतो.

दुसरें काम महसुली मोजणीचें. पुणें-नगर भागांत प्रिंगलचा पहिला प्रयत्न फसल्यावर १८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरापासून नवी पद्धति सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम कायम झाले. या कामांत ताऱ्यांचा संबंध नव्हता. शंकु लावून काटकोन काढावयाचा आणि ३३ फुटांच्या, सोळा आण्यांच्या सांखळीनें अंतर मोजावयाचें. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हीं मापें टिपणांत भरीत, आणि जागेवर दगड, वरंबे व बुरूज यांच्या निशाण्या करीत. अर्थात् दगड कोठें पुरावयाचा, हें शेवटीं गांवकऱ्यांनींच दाखविलें.

या दोहोंतील भेद १९०५ च्या एका दुरुस्तीवरून स्पष्ट होतो. हिंदुस्थानच्या त्रिकोणमापनाचें मूलस्थान माळव्यांत सिरोंजजवळ कल्याणपूर येथें आहे. त्याचा रेखांश पूर्वीं ७७ अंश ४१ कला ४४.७५ विकला धरीत. दोन स्थळांच्या वेळांची तुलना तारायंत्रानें अचूक होऊं लागल्यावर तो ७७ अंश ३९ कला १७.५७ विकला ठरला. फरक २ कला २७.१८ विकलांचा. नगरच्या अक्षांशावर याचें अंतर सुमारें ४.३ किलोमीटर, म्हणजे अडीच मैलांहून अधिक होतें. कागदावरील सर्व रेखांश येणेंप्रमाणें एकदम सरकले. पण एकाहि गांवचा शिवेचा दगड बोटभर हलला नाहीं. तारे पाहून बसविली होती ती नकाशाची चौकट. शीव बसविली होती ती सांखळीनें व साक्षीनें.

यांतून संग्राहकांस तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, १९०५ पूर्वींच्या नकाशावरील रेखांश आजच्या नकाशाशीं ताडतांना वरील वजावाट केली पाहिजे. नाहीं तर गोदातीरचें एखादें बेचिराख गांव भलत्याच शिवारांत शोधलें जाईल. दुसरी, नकाशावर उत्तर दाखविणारा बाण खरा कीं होकायंत्राचा, हें पाहिल्यावांचून त्यावरून वाड्याची किंवा तटाची दिशा सांगूं नये. तिसरी व सर्वांत महत्त्वाची: मोडींतील जुनीं टिपणें प्रमाणांत काढलेलीं नसतात, म्हणून तीं रद्दींत टाकण्याजोगीं कच्चीं समजूं नयेत. छापील नकाशा देखणा असतो. पण दगडापासून दगडापर्यंतचें प्रत्यक्ष माप टिपणांत आहे, आणि तो दगड तेथेंच कां, याचें उत्तर महजरांत आहे. हे तिन्ही कागद एकत्र वाचले तरच शिवेचा इतिहास पुरा होतो; त्यांतील एकहि फाटला तर आकाशांतील कोणताहि तारा ती उणीव भरून काढणार नाहीं.