नेगेवची द्राक्षे

कोकणात असताना शब्बाथच्या किद्दुशसाठी आपल्या घरी काळ्या मनुका भिजत घालत, कुसकरून गाळत आणि त्या सरबतावर ‘बोरे पेरी हागाफेन’ म्हणत. गावात ताजी द्राक्षे मिळत नसत, कोशेर वाईन तर दूरच. पुढे अलिया करून आलो तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना दिमोना, येरुहाम, बेएरशेवा येथे घरे मिळाली. चहूकडे पिवळी माती. इथे गवत उगवत नाही, तिथे द्राक्षे कुठली, असेच आम्हाला वाटे. आज त्याच नेगेवच्या द्राक्षांची वाईन दुकानात मिळते. हे कसे झाले ते पाहू.

देशाची निम्म्याहून अधिक जमीन नेगेवमध्ये येते. उत्तरेला रुंद असलेला हा प्रदेश एलातकडे निमुळता होत जातो. द्राक्षमळे मुख्यत्वे दोन भागांत आहेत. ईशान्येला यातीरचे जंगल आहे. तिथल्या टेकड्यांवर सुमारे ९०० मीटर उंचीपर्यंत वेली लावल्या आहेत. दुसरा भाग दक्षिणेकडील उंच पठाराचा: स्दे बोकेर, अवदात, मित्स्पे रामोन. बेएरशेवाला वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, अवदातला त्याच्या निम्मा. अलिबागकडे २००० मिलिमीटरच्या वर पडतो, हे आठवले म्हणजे फरक कळेल.

मग वेल जगते कशी? दिवसा कडक ऊन असते, त्यामुळे घडात साखर भरते. उंचीमुळे रात्र गार पडते, म्हणून द्राक्षाची आंबट चव टिकून राहते. चांगल्या वाईनला दोन्ही लागतात. हवा कोरडी असल्याने बुरशीचा त्रास कमी. पाणी ठिबक नळीतून थेट मुळाशी देतात. या ठिबक पद्धतीचा कारखाना १९६५ साली बेएरशेवाजवळच्या हात्सेरीम किब्बुत्समध्ये सुरू झाला. पाऊस नसल्याने वेलीला किती पाणी द्यायचे ते मळेवाल्याच्या हाती असते. नाशिककडे द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात. इथे वेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी उन्हाळ्यात होते, तीही बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणजे घड तापलेले नसतात.

वाईनसाठी लावलेली बहुतेक वाणे मूळची फ्रान्सची आहेत. काळ्यांत काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि शिराझ, पांढऱ्यांत शार्दोने आणि सोव्हिन्यों ब्लां. नव्या वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळे तोराच्या आज्ञेप्रमाणे ओर्ला असतात, ती घेत नाहीत.

पण नेगेवात द्राक्षे नवी नाहीत. सुमारे १५०० वर्षांपूर्वी, बायझंटाईन काळात, अवदात, शिवता आणि हालुत्सा येथे मोठे मळे होते. दगडात बांधलेले द्राक्षे तुडवायचे हौद आजही तिथे दिसतात. त्या लोकांकडे नळ नव्हते. इथल्या मातीवर पाऊस पडला की वरचा थर घट्ट होतो आणि पाणी वाहून जाते. ते पाणी त्यांनी दगडी बांध घालून ओढ्यांत अडवले आणि तिथेच शेते केली. प्राध्यापक मिखाएल एवेनारी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस अवदात व शिवता येथे तशी शेते पुन्हा उभी करून ही रीत चालते हे दाखवले. त्या काळी इथली वाईन गाझा बंदरातून भूमध्य समुद्रापार जाई. सहाव्या शतकाच्या मध्यानंतर हा व्यापार ओसरला आणि पुढे मळेही गेले. अवदातच्या उत्खननात त्या जुन्या द्राक्षांच्या बिया सापडल्या. त्यांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक बी पांढऱ्या द्राक्षाची निघाली.

ज्या मातीला आपण ओसाड म्हणत होतो, तिने आपल्या कितीतरी आधी लोकांना वाईन दिली होती. हिवाळ्यात ऊन सौम्य असते, तेव्हा नातवंडांबरोबर अवदातला जावे आणि ते हौद पाहावे. आणि एखाद्या शब्बाथला घरी मनुकांचे सरबत करून त्यांना दाखवावे. नेगेवची वाईन असो की कोकणातले सरबत, बेराखा एकच आहे. मुलांना वाईन दुकानात मिळेल, सरबताची रीत मात्र आपल्याकडूनच मिळायची आहे.