जुन्या मोटारगाडीतील वायरिंगचे दोष : कारणे व निदानपद्धती

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरील तालुक्याचे गाव. केळझरहून सेलूकडे रात्री येताना मोटारीचे दिवे एकाएकी मंदावले, तर वाहनचालकाचा जीव धोक्यात येतो. प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३ ते २०१४ या काळात निर्माण झालेली मारुती ८०० यांसारख्या जुन्या गाड्यांत असे दोष वारंवार आढळतात. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करताना तपासणी होत असल्याने निर्दोष दिवे ही कायदेशीर गरजही आहे. अशा वेळी बल्ब, बॅटरी, डायनमो असे सुटे भाग अंदाजाने बदलले जातात. खर्च होतो, मात्र दोष तसाच राहतो. भाग बदलण्यापूर्वी मापन का व कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोषांची कारणे

मोटारीत बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच व दिवा यांतून जाऊन गाडीच्या लोखंडी सांगाड्यामार्गे ऋण टोकाकडे परततो. या परतीच्या मार्गास 'अर्थ' म्हणतात. विदर्भातील उन्हाळ्यात तारेवरील प्लास्टिकचे आवरण कडक होऊन तडकते. पावसाळ्यात सांध्यांवर गंज चढतो, तर उभ्या गाडीतील तारा उंदीर कुरतडतात. म्हणून पुष्कळदा भाग शाबूत असतो आणि सांधा निकामी झालेला असतो.

ओहमच्या नियमानुसार विचार केल्यास याचे गांभीर्य कळते. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी तेथे सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात व दिव्याचा प्रकाश जवळजवळ पाव हिश्शाने घटतो.

निदानाची पद्धती

१) बॅटरी : इंजिन काही तास बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. इंजिन चालू असूनही दाब वाढत नसल्यास दोष चार्जिंगच्या बाजूस आहे.

२) दाबातील घट : दिवा चालू ठेवूनच मल्टीमीटरने बॅटरीचे धन टोक व दिव्याचे धन टोक यांमधील व्होल्ट मोजावेत. ते ०.५ पेक्षा अधिक नसावेत. नंतर दिव्याचे अर्थ टोक व बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मोजावे. येथे ०.२ पेक्षा अधिक आल्यास अर्थचा सांधा घासून स्वच्छ करावा. दिवा बंद ठेवून केवळ तार सलग आहे की नाही हे पाहणे फसवे ठरते. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर ती सलग दाखवतो. परंतु तो धागा दिव्याचा भार पेलू शकत नाही.

३) शॉर्ट : फ्यूज वारंवार जात असल्यास त्या परिपथातील दिवे व उपकरणे बंद किंवा विलग करून फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब प्रखर पेटल्यास शॉर्ट आहे. एकेक शाखा सोडवीत जावे. जी सोडवताच बल्ब विझेल, तिच्यात दोष आहे.

४) बॅटरी उतरणे : सर्व स्विच बंद करून ऋण टोक सोडवावे व मधे अँपिअरमापक जोडावा. प्रवाह ०.०५ अँपिअरहून फार अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ०.५ अँपिअरची गळती ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ७० तासांत रिकामी करते. मापक जोडलेला असताना सेल्फ मारू नये.

दक्षता

फ्यूजच्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद लावणे ही सर्वात घातक सवय होय. फ्यूज हा परिपथातील हेतुपुरस्सर ठेवलेला दुबळा दुवा आहे. तो काढून टाकल्यास शॉर्टच्या वेळी तार तापते आणि आवरण पेटून गाडीला आग लागू शकते. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थपट्टी तुटल्यास सेल्फचा प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमार्गे परतू लागतो व ती केबल तापते. म्हणून सेल्फ मंद फिरत असल्यास ही पट्टी प्रथम तपासावी.

निष्कर्ष

मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली. तथापि जतन केलेल्या खाजगी गाड्या आजही धावतात. त्यांच्या वायरिंगमधील बहुतेक दोष साधा मल्टीमीटर, एक बल्ब व पायरीपायरीने केलेला विचार यांच्या साहाय्याने सापडू शकतात. प्रथम मापन, नंतर सांध्यांची स्वच्छता आणि शेवटी आवश्यक तरच भागबदल, हा क्रम पाळल्यास पैशाची बचत होते व रात्रीचा प्रवासही अधिक सुरक्षित होतो.