एक तिजोरी, दोन सरकारं

मार्च २०१४. लिबियाच्या सिद्रा बंदराला 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचं एक तेलवाहू जहाज लागलं. त्यावर झेंडा उत्तर कोरियाचा होता. बंदर ताब्यात होतं इब्राहिम जदरान या तिशीतल्या माणसाच्या. गद्दाफीविरुद्ध लढलेल्या जदरानला सरकारने तेलाच्या बंदरांच्या राखणीला बसवलं होतं आणि त्यानेच ती बंदरं आदल्या उन्हाळ्यापासून अडवून धरली होती. पूर्व भागाला तेलाच्या पैशात वाटा आणि स्वायत्तता हवी, ही त्याची मागणी. जहाजात सुमारे २ लाख ३४ हजार बॅरल कच्चं तेल भरलं गेलं. पंतप्रधान अली झैदान यांनी जहाजावर बॉम्ब टाकण्याची धमकी दिली, तरी ते खुल्या समुद्रात निसटलं. लगोलग संसदेने झैदान यांनाच पदावरून दूर केलं आणि ते देश सोडून युरोपात गेले. या जहाजाशी आपला संबंध नाही, असं उत्तर कोरियाने जाहीर केलं. अखेर सायप्रसजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदलाच्या कमांडोंनी जहाज ताब्यात घेऊन लिबियाला परत केलं.

त्यानंतर काही दिवसांतच, १९ मार्चला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २१४६ मंजूर केला. लिबियातून चोरून निघालेलं कच्चं तेल कुणी विकत घ्यायचं नाही, असं त्याचं सार. पुढे देशात दोन-दोन सरकारं झाली तेव्हाही जगाने लिबियाच्या तेलाची एकच विक्रेती मान्य केली: 'नॅशनल ऑइल कॉर्पोरेशन' ही सरकारी कंपनी.

गद्दाफीनंतरच्या लिबियातलं नवल इथे आहे. हुकूमशहा मारला गेला, सैन्य विखुरलं, संसदा दोन झाल्या, राजधानीवर तोफा चालल्या. पण तेल विकणारी कंपनी एक राहिली आणि तिचा पैसा साठवणारी मध्यवर्ती बँकही बराच काळ एकच राहिली. आपल्याकडे खेड्यात वाटणीचे दावे वर्षानुवर्षे चालतात. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण सातबाऱ्यावर विहीर सामाईक असते आणि दोघांच्या पाळ्या त्याच पाण्यावर चालतात. लिबियाचं तेल ही तशी विहीर आहे. फरक एवढाच, की या विहिरीच्या काठावर अर्धं जग दोर घेऊन उभं आहे.

लिबिया म्हणजे सुमारे साडेसतरा लाख चौरस किलोमीटरचा, बहुतांशी वाळवंटी देश. भारताच्या निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ आणि लोकसंख्या मात्र मुंबई शहराहून कमी. सिद्ध झालेला तेलाचा साठा सुमारे ४८ अब्ज बॅरल, आफ्रिकेत सर्वांत मोठा. पश्चिमेला त्रिपोलितानिया, पूर्वेला सायरेनेका आणि दक्षिणेला फेझान असे तीन जुने प्रांत आहेत. ते एकत्र येऊन २४ डिसेंबर १९५१ रोजी राजा इद्रिस यांच्या राजवटीत स्वतंत्र देश झाला, तो संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने. १९५९ मध्ये झेल्टनला मोठा तेलसाठा सापडला. १ सप्टेंबर १९६९ रोजी मुअम्मर गद्दाफी या २७ वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याने राजाला हटवलं आणि पुढची ४२ वर्षं सत्ता सोडली नाही.

या ४२ वर्षांत गद्दाफीने काय शिल्लक ठेवलं नाही, हे आधी पाहायला हवं. पक्षांवर बंदी होती. राज्यघटना नव्हती. आपल्याविरुद्ध बंड होऊ नये म्हणून त्याने नियमित सैन्य मुद्दाम दुबळं ठेवलं आणि खरी शस्त्रं मुलांच्या व विश्वासू टोळ्यांच्या पथकांकडे दिली. 'जनतेची राजवट' असं नाव देऊन त्याने मंत्रालयं वारंवार मोडली, हलवली, नव्याने मांडली. रोजच्या रोज काम करणारं, हिशेब ठेवणारं आणि परदेशी माणसाशी करार करू शकणारं असं फार थोडं उरलं, कारण त्यावर पैसा अवलंबून होता. ते म्हणजे १९७० साली स्थापन झालेली तेल कंपनी आणि मध्यवर्ती बँक. सत्ता कोसळल्यावर याच दोन वास्तू उभ्या राहिल्या.

बंडाची ठिणगी पडली १५ फेब्रुवारी २०११ रोजी बेनगाझीत. अबू सलीम तुरुंगात १९९६ साली सुमारे १,२०० कैद्यांची हत्या झाली होती. त्यांच्या नातेवाइकांची बाजू मांडणाऱ्या फती तर्बिल या वकिलाला पोलिसांनी पकडलं आणि लोक रस्त्यावर आले. दोन आठवड्यांच्या आत बंडखोरांनी बेनगाझीत हंगामी परिषद स्थापन केली. १० मार्चला फ्रान्सने तिला मान्यता दिली. तोवर कुठल्याच देशाने ती दिलेली नव्हती. १७ मार्चला सुरक्षा परिषदेत नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरायला मंजुरी देणारा ठराव आला. बाजूने १० मतं पडली, तर भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. तोपर्यंत भारताने लिबियातल्या आपल्या माणसांना बाहेर काढायला सुरुवात केलीच होती. विमानं आणि जहाजं मिळून १५,००० हून अधिक भारतीय परतले. त्या मोहिमेवर गेलेल्या युद्धनौकांत आपल्या माझगाव गोदीत बांधलेली 'म्हैसूर' होती.

१९ मार्चला फ्रेंच विमानांनी पहिले हल्ले केले. इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. विमानातून बॉम्ब टाकण्याची जगातली पहिली घटना याच भूमीवर घडली. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गाव्होत्ती या इटालियन वैमानिकाने त्रिपोलीजवळ हाताने बॉम्ब खाली टाकले होते. त्याला शंभर वर्षं पूर्ण होण्याच्या सुमारास नाटोची मोहीम त्याच आकाशात चालू होती. आणि २०२० मध्ये लिबियात 'कार्गू-२' हे स्वतः लक्ष्य शोधू शकणारं तुर्की ड्रोन माघार घेणाऱ्या सैनिकांवर सोडलं गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात आहे. नव्या शस्त्रांची पारख या भूमीवर करायची आणि किंमत इथल्या माणसांनी मोजायची, हे शंभर वर्षं चालत आलेलं आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये त्रिपोली पडलं. सप्टेंबरच्या मध्यावर फ्रान्सचे सार्कोझी आणि ब्रिटनचे कॅमेरून यांचं बेनगाझीत जयजयकाराने स्वागत झालं. २० ऑक्टोबरला सिर्ते या आपल्या बालेकिल्ल्यात गद्दाफी सांडपाण्याच्या नळातून पकडला गेला आणि मारला गेला. ३१ ऑक्टोबरला नाटोची मोहीम अधिकृतपणे संपली. पाहुणे ज्या घाईने आले त्याच घाईने निघून गेले. शस्त्रं गोळा करणं, सैन्य उभारणं, न्यायालयं चालवणं यांसाठी मागे कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या तयारीत आपण कमी पडलो, ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक असल्याचं बराक ओबामांनी २०१६ मध्ये स्वतः मान्य केलं.

लोकांच्या बाजूने उणीव नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. ७ जुलै २०१२ च्या निवडणुकीत सुमारे ६० टक्के मतदान झालं. कित्येक दशकांनी मिळालेलं मत द्यायला लोक उत्साहाने गेले. पण गावोगावच्या सशस्त्र तुकड्या विसर्जित झाल्या नव्हत्या. नव्या सरकारने त्यांना पगार सुरू केला आणि तिथे घोटाळा झाला. पगार मिळतो म्हटल्यावर 'क्रांतिकारकां'ची संख्या प्रत्यक्ष लढलेल्यांच्या कितीतरी पट झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये पंतप्रधान झैदान यांना त्रिपोलीतल्या हॉटेलातून उचलून नेऊन काही तास डांबून ठेवलं गेलं. नेणारी माणसं सरकारशीच संलग्न असलेल्या गटातली होती.

२०१४ मध्ये देश उघडउघड दुभंगला. खलिफा हफ्तार पुढे आला. हा एकेकाळचा गद्दाफीचा सेनानी १९८७ मध्ये चाडच्या युद्धात पकडला गेला आणि नंतर सुमारे दोन दशकं अमेरिकेत राहिला. त्याने बेनगाझीत इस्लामी गटांविरुद्ध मोहीम उघडली. जूनच्या निवडणुकीत मतदान घसरलं, निवडून आलेली संसद पूर्वेला तोब्रुकला गेली आणि त्रिपोलीत दुसरी सत्ता बसली.

आता तिजोरीकडे येऊ. तेल कंपनी तेल विकते, डॉलर तिच्या परदेशी व्यवहारांच्या बँकेच्या खात्यात येतात, तिथून त्रिपोलीतल्या मध्यवर्ती बँकेत जातात. देशातले बहुसंख्य नोकरदार सरकारी पगारावर आहेत. शिक्षक, परिचारिका, शिपाई आणि बंदूकधारीही. त्यामुळे एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन बाजूंतल्या अनेकांचा पगार वर्षानुवर्षे एकाच बँकेतून निघत राहिला. सादिक अल कबीर हे गव्हर्नर २०११ पासून २०२४ पर्यंत खुर्चीवर होते. या काळात पंतप्रधान आले आणि गेले, गव्हर्नर राहिले. पूर्वेच्या सत्तेने आपली वेगळी बँक मांडली आणि २०१६ पासून रशियात दिनार छापून आणले. एकाच देशाच्या नोटा दोन वेगवेगळ्या सह्यांनी बाजारात फिरू लागल्या.

लूट कशी चालली, तेही समजून घेण्यासारखं आहे. सरकारी दराने एका डॉलरला सुमारे १.४ दिनार पडत आणि काळ्या बाजारात २०१७ मध्ये नऊपर्यंत. ज्याच्या पाठीशी बंदूक त्याला बँकेकडून आयातीसाठी पतपत्र मिळवता येई. धान्य किंवा औषधं आणायच्या नावाने स्वस्त डॉलर घ्यायचे, माल थोडाच आणायचा किंवा रिकामे कंटेनर उतरवायचे, आणि उरलेले डॉलर बाजारात सहापट भावाने विकायचे. त्रिपोलीतल्या सशस्त्र गटांना लढाईपेक्षा या कागदाने जास्त श्रीमंत केलं. जानेवारी २०२१ मध्ये दर ४.४८ दिनारवर एकसमान केला गेला, तोवर सामान्य माणूस बँकेसमोर रोख पैशांसाठी रांगा लावून थकला होता.

परदेशांचे दोर इथे गुंततात. इटलीची एनी कंपनी १९५९ पासून लिबियात आहे आणि मेलिताहून सिसिलीपर्यंत सुमारे ५२० किलोमीटरची वायुवाहिनी समुद्राखालून जाते, म्हणून इटलीला त्रिपोलीतलं सरकार जवळचं. फ्रान्स अधिकृतपणे त्याच सरकारला मानत होता, पण जुलै २०१६ मध्ये बेनगाझीजवळ हेलिकॉप्टर कोसळून तीन फ्रेंच सैनिक मेले आणि फ्रान्स हफ्तारच्या भागातही काम करतो हे उघड झालं. इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती हफ्तारमागे उभे राहिले. कतार आणि तुर्कस्तान त्रिपोलीमागे. रशियाने वॅग्नर गटाचे भाडोत्री लढवय्ये पाठवले.

४ एप्रिल २०१९ रोजी हफ्तारने त्रिपोलीवर चाल केली. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस शांतता चर्चेसाठी त्याच शहरात होते. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानने त्रिपोलीच्या सरकारशी भूमध्य समुद्रातल्या हद्दीचा करार केला, पाठोपाठ ड्रोन आणि माणसं आली आणि जून २०२० मध्ये हफ्तारला माघार घ्यावी लागली. हद्दीचा करार आणि लष्करी मदत यांचा सौदा एकत्र ठरला, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. शस्त्रबंदी २०११ पासून लागू होती, तरी तिची थट्टा झाली आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या दूत स्टेफनी विल्यम्स यांनी जाहीरपणे म्हटलं. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे २०२० अखेर लिबियात २०,००० परदेशी लढवय्ये होते.

त्या वर्षी हफ्तारच्या बाजूने तेलाची बंदरं जानेवारी ते सप्टेंबर बंद ठेवली. देशाचं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडालं. शेवटी पैशाची वाटणी ठरल्यावर बंदरं उघडली आणि २३ ऑक्टोबरला जिनिव्हात शस्त्रसंधी झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्रिपोलीच्या सरकारने गव्हर्नर कबीर यांना हटवलं, तेव्हा पूर्वेने पुन्हा तेल बंद केलं आणि नवा गव्हर्नर दोन्ही बाजूंना मान्य झाल्यावरच ते वाहू लागलं. कुणीही विहिरीत विष कालवत नाही, पण दोर मात्र कुणी सोडत नाही. माझ्या मते या देशाला पूर्ण फुटूही न देणारी आणि पूर्ण जुळूही न देणारी गोष्ट हीच आहे. तिजोरी फोडली तर सगळ्यांचंच नुकसान, आणि ती खऱ्या लोकनियुक्त सरकारच्या हाती गेली तर दोन्हीकडच्या टोळ्यांचं आणि त्यांच्या परदेशी पाठीराख्यांचं.

या अडकलेपणाचा अर्थ दर्ना शहराला कळला. तिथली दोन धरणं १९७० च्या दशकातली. दुरुस्तीचं कंत्राट २००७ मध्ये एका तुर्की कंपनीला दिलं होतं. काम सुरू झालं आणि २०११ च्या उठावात थांबलं. पुन्हा सुरू झालं नाही. मंजूर झालेला निधी वापरलाच गेला नसल्याचं सरकारी लेखापालांनी नंतर नोंदवलं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनियल वादळाच्या पावसात दोन्ही धरणं फुटली. शहराचा मधला भाग समुद्रात वाहून गेला. हजारो माणसं मेली, हजारो बेपत्ता झाली.

लिबियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २४ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, व्हायची होती. सुमारे २८ लाख नागरिकांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं. कोण उभं राहू शकतं यावर नेत्यांचं एकमत झालं नाही आणि मतदान त्या दिवशी झालंच नाही.