काचेचा दोरा सांगतो पाण्याचा ठाव



उन्हाळ्यात ओढ्यातून अनवाणी चालताना एखाद्या जागी पायाला एकदम गार लागते. जाणती माणसे लगेच म्हणतात, "इथं झरा आहे." जमिनीखालचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट असते, हे तुम्हाला विहिरीवरून ठाऊकच आहे. पण साऱ्या ओढ्यात, पावलापावलावर, रात्रंदिवस पाय घालून कोण बसणार? ते काम आता काचेचा दोरा करतो.

फोन आणि इंटरनेटसाठी गावोगाव जी केबल पुरतात, तिच्या पोटात केसासारखी बारीक काचेची तार असते. तिच्या टोकातून लेसरचा क्षणभराचा झोत सोडला, की त्याचा अगदी थोडा अंश वाटेतून मागे परततो. त्यातल्या काही प्रकाशाचा रंग किंचित बदललेला असतो. हाच आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली दाखवलेला परिणाम. १९३० साली त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या बदललेल्या रंगांच्या प्रमाणावरून उष्णता कळते आणि प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते. म्हणजे तार एकच, पण मीटरामीटराला जणू एकेक थर्मामीटर!

अमेरिका, हॉलंड व स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मिळून युरोपातल्या लक्झेंबर्ग देशात, माइसबिख नावाच्या ओढ्यात अशी तार अंथरली. भूजल ओढ्यात नेमके कुठे मिसळते, हे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठात हीच रीत जमिनीतल्या ओलीसाठी तपासली गेली. पुरलेल्या केबलचे धातूचे वेष्टन विजेने थोडा वेळ तापवायचे. ओली माती उष्णता लवकर ओढून घेते, म्हणून तिथे तार कमी तापते. कोरड्या मातीत जास्त तापते.

पण यंत्र महाग, आणि ते वापरण्याचे ज्ञान त्याहून दुर्मिळ. म्हणून ओरेगॉन स्टेट आणि नेवाडातील रीनो येथील विद्यापीठांनी मिळून केंद्र उभारले. भाऊबंद विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावतात, तशी तिथली यंत्रे संशोधकांना पाळीपाळीने मिळू लागली. सोबत प्रशिक्षणही आले.

शिकायचे काय? तारेचे एक वेटोळे बर्फाच्या पाण्यात आणि दुसरे कोमट पाण्यात ठेवून यंत्राचे आकडे पडताळायचे. तार फार मुडपायची नाही, नाहीतर प्रकाश गळतो. उथळ पाण्यात ऊन थेट तारेला तापवते, ते ओळखायचे. तारेचा कितवा मीटर ओढ्यात कुठे आला, याची नोंद ठेवायची. यातले एक चुकले तरी झरा भलत्याच जागी दिसतो, आणि त्या भरवशावर खोदणाऱ्याचे पैसे मातीत जातात.

तेव्हा लक्षात घ्या, तार पुरल्याने पाणी वाढत नाही. ते कुठून येते आणि कुठे जिरते, एवढेच ती सांगते. उद्या तुमच्या शिवारात कोणी अशी तार घेऊन आले, तर नांगरताना ती तुटणार नाही एवढे बघा. आणि तुमच्या पायाला गार लागणारी जागा त्यांना आधी दाखवा. संशोधनातला तो तुमचा वाटा.