160 नावाचा डोंगर

एखाद्या कामात तुमचा साऱ्या जगात 160वा नंबर लागला, तर घरात पेढे वाटतील की नाही? टेनिस खेळणाऱ्या मुलीला मात्र आपण विचारतो, ‘160वी? मग विम्बल्डन कधी?’

अंकिता रैना मार्च 2020 मध्ये महिला एकेरीत 160व्या क्रमांकावर पोहोचली. ती मूळची अहमदाबादची. किशोरवयात पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. तो 160 चा आकडा जरा उलगडून पाहूया, कारण त्याच्या पोटात जे दडलंय ते पाहून थक्क व्हायला होतं.

विहिरीवरचा रहाट पाहिलाय? गाडगी भरून वर येतात, ओततात, रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. टेनिसची क्रमवारी अगदी तशीच चालते. स्पर्धेत मिळवलेले गुण 52 आठवडे खेळाडूच्या नावावर राहतात आणि मग ते गाडगं रिकामं! गेल्या वर्षी याच आठवड्यात एखादीने स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा निदान तेवढी कमाई हवी. ताप येवो, पाऊल मुरगळो, रहाट फिरतच राहतो. अंथरुणात पडल्या पडल्या क्रमांक घसरतो.

आता गुणांची गंमत बघा. तळाच्या स्पर्धेला म्हणतात डब्ल्यू 15. ड्रॉ 32 जणींचा, म्हणजे विजेतीला लागोपाठ पाच सामने जिंकायचे. तिला गुण किती? 15! आणि विम्बल्डनच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्याच सामन्यात हरलेलीला? 10! त्यातही एकेरीत वर्षभरातले सर्वोत्तम 18 निकालच धरले जातात. करा गुणाकार. 18 गुणिले 15, झाले 270. वर्षभर फक्त डब्ल्यू 15 खेळा, एकही सामना हरू नका, तरी 270 च्या पुढे काटा सरकणार नाही. विम्बल्डनची विजेती पंधरवड्यात 2000 गुण घेऊन जाते.

म्हणजे वरच्या पायऱ्या चढायलाच हव्यात. डब्ल्यू 35, डब्ल्यू 50, डब्ल्यू 75, डब्ल्यू 100. पण तिथे प्रवेश कसा मिळतो? क्रमवारीवर! गुण हवेत तर मोठी स्पर्धा हवी, मोठी स्पर्धा हवी तर गुण हवेत. या पेचातून एखादी मुलगी 160 पर्यंत येते तरी कशी?

आणि खर्च? डब्ल्यू 15 मध्ये पहिल्या फेरीत हरलं तर हाती पडतात दीडशे डॉलरच्या आसपास. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळं आपलं आपण. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 सालचा हिशेब मांडला, तेव्हा व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या महिला होत्या 4862. बक्षिसाच्या पैशांतून नुसता खर्च भरून निघायला क्रमवारीत कितव्या जागी असावं लागत होतं, माहीत आहे? साधारण 253व्या. प्रशिक्षकाचा पगार त्यात धरलेलाच नव्हता!

अंकिता 160वर पोहोचली आणि त्याच महिन्यात महामारीने टेनिसचा रहाटच थांबवला. आयुष्यातला सर्वोत्तम क्रमांक हातात, आणि खेळायला स्पर्धा नाही.

जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची महिलांची पात्रता फेरी भरली चक्क दुबईत, मेलबर्नपासून 11 हजार किलोमीटरहून दूर. मुख्य ड्रॉसाठी तीन सामने जिंकायचे. अंकिताने दोन जिंकले, तिसरा तीन सेटमध्ये हरली. झालं, परतीचं विमान? छे! पात्रता फेरीत हरूनही कुणाच्या तरी माघारीमुळे जागा मिळालेल्या खेळाडूला ‘लकी लूझर’ म्हणतात. तशी जागा मिळेल या आशेवर ती मेलबर्नला गेली आणि 14 दिवस विलगीकरणात राहिली. एकेरीची जागा काही मिळाली नाही. पण दुहेरीत मिहाएला बुझर्नेस्कूबरोबर मुख्य ड्रॉ मिळाला. त्यात पहिल्याच फेरीत हार.

तरी गोष्ट संपली नाही, आणि खरी मौज इथेच आहे. ऑस्ट्रेलियन ओपनचा दुसरा आठवडा चालू असतानाच त्याच शहरात फिलिप आयलंड ट्रॉफी नावाची स्पर्धा भरली होती. अंकिता आणि रशियाची कामिला राखिमोवा जोडीने उतरल्या. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 गमावला, दुसरा 6-4 ने खेचून आणला, आणि निर्णायक टायब्रेक 10-7 ने घेतला. डब्ल्यूटीए टूरवरचं, म्हणजे महिला टेनिसच्या वरच्या मालिकेतलं, अंकिताचं पहिलं विजेतेपद! त्यानंतर दुहेरीच्या क्रमवारीत ती पहिल्या शंभरात आली. दुबईत हरल्या हरल्या ती घरी परतली असती तर?

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर आणि मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. पुढच्या वेळी अशी स्पर्धा भरली की एक दुपार काढून जा आणि कोर्टाच्या अगदी जवळ बसा. क्रमवारीत दोनशेच्या खाली असलेल्या मुलीची सर्व्हिस कानाजवळून गेली की काय आवाज येतो, तो एकदा स्वतः ऐका.