मुलुंडची लॅब आणि माईनमुळाचं लोणचं

मिरजेहून रोज सांगलीला एम.एस्सी.ला जायचो तेव्हा माझा पक्का समज होता: कंपनीची लॅब म्हणजे कुलूपबंद कारभार, नवं शोधायचं तर विद्यापीठातच. फोर्स्कोलिनबद्दल वाचलं आणि तो समज डळमळला.

माईनमुळाचं लोणचं खाल्लंय कधी? त्याच मुळातून हा रेणू वेगळा केला मुंबईत, हेक्स्ट कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात. तिथे औषधी वनस्पतींचे अर्क तपासत. या अर्काने रक्तदाब उतरतो असं दिसलं. पण अर्क म्हणजे असंख्य रेणूंची खिचडी. अशा कामात केमिस्ट एक भाग वेगळा काढतो, फार्माकोलॉजिस्ट तो प्राण्यांवर तपासतो, आणि ‘यात काही नाही’ म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. हे दोघं मोकळेपणाने बोलत नसतील तर काम महिनोन्महिने अडतं. (विद्यापीठातही अडतं, अनुभवाने सांगतो!)

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1977 मध्ये मुलुंडच्या शास्त्रज्ञांनी रेणूची रचना जाहीर छापली. 1981 मध्ये अमेरिकेत सीमन, डेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो ॲडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम थेट चालू करतो आणि पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढतं. आज पेशींवर काम करणाऱ्या कितीतरी लॅबच्या फ्रीझरमध्ये फोर्स्कोलिन असतं. त्यापासून बनवलेलं हृदयविकाराचं औषध मात्र जपानी कंपनीने आणलं. मग छापणं चुकलं का? मला नाही वाटत.

कंपनीत मुलाखतीला गेलात तर पगाराआधी दोन गोष्टी विचारा: पेपर छापू देता का, आणि बायोलॉजीवाले कुठल्या मजल्यावर बसतात?